बारा मुठींचा भात

"डॉक्टरसाहेब, माणसाचे पाय झोपले अन् चार महिने उठलेच नाई, तं त्याइले उठवाचं कसं?"

प्रश्न माझा, पण डाव कमळाचा. सत्तावन्न सालचा श्रावण होता. आमच्या मूल गावच्या शाळेत डॉक्टर तपासणीला आले होते. जीभ बाहेर काढा, डोळे वर करा, खोका, असं सगळं झाल्यावर ते म्हणाले, "कोणाला काही विचारायचं आहे?" हे ते दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी कोणी काही विचारत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कमळाला आणि सोमारीला बाबांच्या पायांची गोष्ट सांगितली होती. बाबा म्हणतात, पाय झोपले. सकाळी झोपतात, दुपारी झोपतात, चिमटा काढला तरी उठत नाहीत. दोघी खूप हसल्या. कमळा म्हणाली, "हे त्या डॉक्टरले विचारून दाखव. तुह्यात दम नाई."

माझ्यात दम नाही, असं आठवीत आल्यापासून मला कोणी म्हटलेलं नव्हतं. म्हणून मी उभी राहिले आणि विचारलं.

सगळा वर्ग हसला. मुलांच्या बाकांवरून कोणीतरी घोरल्याचा आवाज काढला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि विचारलं, "कोणाचे पाय?"

"माह्या बाबांचे जी. मुखरू मिस्त्री. राइस मिलमधले."

"लाखोळीची डाळ खाता का घरी? तिनंही पाय जातात."

"नाई जी. तुरीची."

"तांदूळ कोणता?"

इथे मी मान ताठ केली. "मशीनचा. तीन हात मारलेला."

तीन हात म्हणजे काय, ते सांगते. धान मशीनमधून एकदा काढलं की टरफल निघतं, दाणा जरा तांबूस राहतो. दुसऱ्यांदा काढलं की तांबूसपणा जातो. तिसऱ्यांदा काढलं की तांदूळ मोगऱ्याच्या कळीसारखा होतो. गावातले लोक एका हाताचा तांदूळ नेत. तीन हाताचा खाणं फक्त शेठच्या घरी आणि मिस्त्रीच्या घरी. आमच्याकडे पाहुणे येत ते त्या भातासाठी, असं माझी माय म्हणते, आणि ते खरंही असावं, कारण आमच्या भाजीत तसं काही नसतं.

"आणि भाताची पेज?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाईले देतो जी."

"गाईचे पाय कसे आहेत?"

वर्ग पुन्हा हसला. मी म्हणाले, "धडधाकट हायेत."

"असणारच," डॉक्टर म्हणाले. "उद्या वडिलांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर बसवलं, पाय लोंबकळत ठेवले आणि गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारली. माझ्या गुडघ्यावर मारली तेव्हा पाय टुणकन उडाला होता. बाबांचा पाय भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा लटकून राहिला. डॉक्टर म्हणाले, माणसाच्या पायांच्या नसांना जे लागतं ते तांदळाच्या वरच्या पापुद्र्यात असतं. तुम्ही ते तीन वेळा खरडून काढता, आणि उरलंसुरलं पेजेतून गाईला पाजता. "महिनाभराच्या गोळ्या देतो. गोळ्या संपल्यावर भात हेच औषध. हातसडीचा तांदूळ खा, पेज फेकू नका." मग त्यांची गाडी पुढच्या गावाला गेली.

आता माझ्या बाबांना पायांचं एवढं काय, असं कोणाला वाटेल. अहो, मिस्त्रीचं सगळं ज्ञान तळपायात असतं. बाबा मिलमध्ये कधी चप्पल घालून उभे राहत नसत. इंजिन सुरू झालं की अनवाणी जमिनीवर उभे राहत, डोळे मिटत आणि सांगत, पट्टा सैल हाये, नाहीतर तेल कमी हाये. जमिनीची थरथर त्यांना वाचता येई. चैत्रापासून त्यांना ती वाचता येईना. वर धान ओतायच्या पेटीपर्यंत शिडी आहे, तिच्या पायऱ्याही चुकायला लागल्या. शेठ माणूस बरा, पण शेठ. ते म्हणाले, "मुखरू, पावसाळ्यात मिल तशीबी थंडी राह्यते. नवं धान येईपर्यंत पाहतो. तवरिक पाय आले नाई, तं गोंदियाहून लच्छू मिस्त्रीले बोलावा लागन."

बाबांची नोकरी गेली की मूल सुटलं. मग धानोऱ्यापलीकडे गुणवंतकाकांच्या गावी जायचं, त्यांच्या वावरात राबायचं. त्या गावची शाळा चौथीपर्यंत. मी आठवीत. चौथीच्या शाळेच्या वऱ्हांड्यात दुपारी बकऱ्या बसतात, त्यांच्यात जाऊन मी बसणार होते की काय?

म्हणून डॉक्टरांचं बोलणं मी देववाणीसारखं ऐकलं. बाबांनी तर त्याहून जास्त ऐकलं, आणि तिथेच घोळ झाला. माझे बाबा अर्धं काही करत नाहीत. एकदा त्यांनी बिडी सोडली तेव्हा स्वतःच्या बिड्या तर विहिरीत टाकल्याच, शेजाऱ्याच्याही टाकल्या. आठव्या दिवशी शेजाऱ्याकडूनच मागून ओढली. तसंच आता झालं. पोळा दोन दिवसांवर होता. बाबांनी मिलच्या मशीनसमोर नारळ फोडला आणि घरी येऊन मायला म्हणाले, "पोळ्यापासून या घरात मशीनचा एक दाणा शिजणार नाई. आन हाये माही."

माय म्हणाली, "हातसडीचा आणाचा कुठून?"

"ढेकीवरून."

"अन् ढेकी कोण मारन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी."

गावाच्या टोकाला इतवारीबाईची ढेकी होती. इतवारीबाई गोंडाची म्हातारी. मिल यायच्या आधी अर्धं मूल तिच्याकडून तांदूळ कांडून न्यायचं, नंतर कोणी फिरकेना. ढेकी म्हणजे एक लांब लाकडी दांडा. शेपटावर पाय देऊन दाबला की डोकं वर जातं, सोडला की दगडाच्या खळग्यातल्या धानावर दणकन पडतं. इतवारीबाईनं दांड्यावरची कोंबडी हाकलली आणि म्हणाली, "पन्नास मार अन् घरी जाय."

"पन्नासनं काय होते बाई? पोळ्याले पाहुणे हायेत."

"पाय तुहा हाये," ती म्हणाली आणि सूप घेऊन बसली.

मी सकाळपासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत ढेकी मारली. किती मारल्या ते मोजलं नाही. अभिमानानं टोपली डोक्यावर घेऊन घरी आले, उंबऱ्याशी उजवा पाय उचलायला गेले आणि तो उचलेना. मांडी दगडासारखी झाली होती. पोळ्याच्या दिवशी बैल नटून गावातून गेले तेव्हा मी बाजेवर पडून त्यांच्या घुंगरांचे आवाज ऐकले. शाळा तीन दिवस बुडाली ती वेगळी.

आणि तो भात. मायनं नेहमीच्याच मापानं पाणी घातलं, नेहमीएवढाच वेळ ठेवला. वरून शिजलेला, आत गोटी. पोळ्याला गुणवंतकाका आले होते. त्यांनी पहिला घास तोंडात फिरवला, फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, शिकारीचे छर्रे हरवले होते का जी घरात? ते इथी हायेत."

माय पदरात तोंड लपवून आत गेली. बाबांनी मात्र हट्टानं दोन ताटं खाल्ली, वर तांब्याभर पेज प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांच्या हातचा लोटा सुटला नाही. तिसऱ्या दिवशी माय मशीनच्या तांदळाचं पोतं सोडत होती आणि बाबा नुसते पाहत होते. गुणवंतकाका जाताना म्हणाले, "भाऊ, शेठच्या तोंडाकडं पाहत काऊन बसता? गावाले या. पोरगी मोठी झाली, शेणगोठा शिकन."

मी बाजेवरूनच म्हणाले, "मले येते शेणगोठा. मले भूमितीबी येते."

"पाह्यलं?" काका म्हणाले. "म्हणूनच म्हणतो."

भाद्रपदात एका संध्याकाळी बाबा मिलमधून आले. पाऊस भुरभुरत होता. मायनं दारातच विचारलं, "दुसरी चप्पल कुठी हाये?"

बाबांनी खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायात नव्हती. बाजाराच्या रस्त्यानं, चिखलातून, एवढ्या लोकांसमोरून ते एका चपलेनं चालत आले होते आणि त्यांना माहीत नव्हतं. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, त्याचंही माहीत नव्हतं. मायनं पाय मांडीवर घेऊन काटा काढला. बाबा तिच्याकडे पाहत होते, दुसऱ्याच कोणाच्या पायाचा काटा निघावा तसे. मोठं बोलणारे माझे बाबा त्या दिवशी काहीच मोठं बोलले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

चार दिवसांनी शाळेला सुट्टी होती. मी त्यांचा डबा घेऊन मिलमध्ये गेले. मिल रिकामी, कबुतरं तेवढी घुमत होती. बाबा खाली बसून मशीनला नवी पट्टी लावत होते. ही लोखंडी पट्टी धानाच्या अगदी जवळ असते, तिच्यावर दाणा घासला जातो. त्यांनी पाना थोडासा फिरवला, हातानं चाक गरगर फिरवलं, कान लावला. पुन्हा थोडासा फिरवला. पुन्हा कान लावला. मला भूक लागली होती.

"बाबा, एकदाच कसून टाका नं. किती वेळ?"

"एकदम कसली तं दाणा फुटते. सगळी कनकी होते. नवी पट्टी केसभर कसाची, मशीनले सवय होऊ द्याची, मंग पुन्हा केसभर. घरघर आली तं तिथीच थांबाचं."

"मागं घ्याची?"

"मागं नाई घ्याची. थांबाचं. घरघर गेली की पुन्हा केसभर."

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते. डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. मी म्हणाले, "मंग आपल्या घरी काऊन एकदम कसली, बाबा? माहाबी पाय फुटला, तुमचंबी पोट फुटलं."

बाबांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुही माय भाताच्या गंजात किती मुठी तांदूळ टाकते?"

"दोन वेळच्या बारा."

"तं मंग एक मूठ," ते म्हणाले. "अकरा मशीनच्या, एक ढेकीची. या आठवडी बाजारापासून त्या बाजारापर्यंत एक. पुढच्या बाजारी दोन." आणि मग डोळे बारीक करून, "घरघर आली तं थांबाचं."

"मागं नाई घ्याचं," मी म्हणाले.

एक मूठ. इतवारीबाईला सांगितलं तेव्हा ती हसली, दात नसलेलं तोंड उघडून खूप हसली. मला वाटलं, टिंगल करते. पण तिनं मला ढेकीवर उभं केलं आणि गोंडीत मोजायला लागली. उंदी, रंड, मूंद. पन्नास झाल्यावर हात वर केला. "जाय आता."

"अजून मारू शकतो मी."

"शकतेस म्हणूनच जाय. उद्या येशील."

मी आले. परवाही आले. रोज शाळेच्या आधी पन्नास, आणि शाळेत वेळेवर. मजुरी म्हणून इतवारीबाई कोंडा आणि थोडी कनकी ठेवून घेई, तिच्या कोंबड्यांची चैन झाली. तिनंच मायला निरोप पाठवला, "ढेकीची मूठ आधी लोट्यात भिजव, मशीनची मूठ अडाणी हाये, लवकर शिजते." मायनं तसं केलं. पहिल्या दिवशी बाबांनी घास घेतला, जिभेनं शोधला आणि म्हणाले, "कुठी हाये?"

"तिथीच हाये," माय म्हणाली. "जेवा."

पेजेचंही तसंच. तांब्याभर नाही, अर्धी वाटी, मीठ घालून. गाईनं दोन दिवस आमच्याकडे रागानं पाहिलं.

दोन मुठी झाल्या. तीन झाल्या. ढेकीच्या पन्नासाच्या सत्तर झाल्या, मग नव्वद, आणि माझ्या लक्षातही आलं नाही की आता मला नव्वद मारूनही धाप लागत नाही. एक दिवस शाळेत रस्सीवरच्या उड्यांत मी सोमारीला हरवलं. सोमारीला आजवर कोणी हरवलं नव्हतं. ती म्हणाली, "तू चोरून तूप खाऊन राह्यली."

"धान कांडून राह्यली."

"हट्."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, असं मात्र समजू नका. दसऱ्याला मायच्या माहेरचे आले. छर्ऱ्यांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली, म्हणून मायनं लाजेनं तीन दिवस पांढराच भात केला. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "जाऊ द्या. तुटलं ते तुटलं. आता पुढच्या वर्षी पाहू." त्यांच्या तोंडावर अगदी सुटका झाल्यासारखं होतं.

माय चुलीपुढून म्हणाली, "पोरगी तापानं तीन दिवस शाळेत गेली नाई तं मास्तर नाव काटते काय जी? चौथ्या दिवशी जाऊन बसते नं आपल्या जागी?" आणि तिनं लोट्यात चार मुठी भिजत घातल्या. माझी माय शाळेत गेलेली नाही. पण हे ऐकल्यावर मला वाटलं, तिला मुख्याध्यापक करावं.

पाचव्या मुठीला घरघर आली. बाबा म्हणाले, जबडा दुखते. तर तीन बाजार आम्ही पाचावरच थांबलो. डॉक्टरांच्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. नवं धान कापणीला आलं होतं, बांधाबांधावर माणसं दिसत होती, आणि बाबांचे पाय अजून झोपलेलेच. मी रोज सकाळी त्यांना विचारत असे आणि ते रोज मान हलवत. एका सकाळी मी ढेकीवर गेले नाही. माझ्याच्यानं होईना. पाच मुठी काय, पन्नास मुठी काय, असं वाटलं. दारात बसून राहिले. तर इतवारीबाईच काठी टेकत आमच्या दारी आली. तिनं विचारलं नाही, का नाही आलीस. म्हणाली, "वीस मार. आज वीसच."

वीस मारल्या. दुसऱ्या दिवशी नव्वद.

मग दिवाळी झाल्यावरची गोष्ट. मी अंगणात भूगोल पाठ करत होते. बाबा भिंतीशी बसून दोरी वळत होते. एकाएकी ते ताडकन उठले आणि ओरडले. माय धावत आली. "काय झालं? इचू?"

"मुंगी," बाबा म्हणाले. "मुंगी चावली."

"मुंगीसाठी एवढं?" मायनं हात उगारला.

"मारू नको तिले," बाबांनी तिचा हात धरला. "माह्या पायाले चावली. अंगठ्याले चावली. मले समजली."

आम्ही तिघं खाली वाकून त्या लाल मुंगीकडे पाहत राहिलो. ती अंगठ्यावरून उतरून आपल्या रस्त्यानं निघून गेली. मायनं तिच्या वाटेत चिमूटभर साखर टाकली. आमच्या घरी साखर फक्त पाहुण्यांना मिळते.

त्या आठवड्यात बाबांनीच सांगितलं, सहा करा.

मार्गशीर्षात मिलसमोर बैलबंड्यांची रांग लागली. बैल सुटलेले, धानाची पोती चढलेली, पहिल्या दिवशीचा तो वास मूलमध्ये जन्मलेल्या माणसालाच कळेल. आमच्या गंजात तेव्हा सात मुठी ढेकीच्या आणि पाच मशीनच्या होत्या. बारा झाल्या नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. आणि शेठनं लच्छू मिस्त्रीला गोंदियाहून बोलावलेलं होतं. तो पोत्यावर बसून पान खात होता, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. रविवार होता म्हणून मी, कमळा आणि सोमारी पोत्यांच्या थप्पीवर चढून बसलो. कमळाचे बाबा तिथे हमाल, त्यामुळे आम्हाला कोणी हाकललं नाही.

शेठ म्हणाले, "मुखरू, खरं सांग. होते का?"

"पाहा नं शेठ," बाबा म्हणाले.

आधी शिडी. अकरा पायऱ्या. बाबा चढले, घाईनं नाही, पण एकही पायरी न चुकवता, पाय ठेवायच्या आधी खाली न पाहता. मी सोमारीचा दंड एवढा दाबला की तिनं मला कोपर मारलं. ते उतरले, चप्पल काढून भिंतीशी ठेवली. इंजिन फकफक करत सुरू झालं, पट्टा फिरायला लागला, जमीन थरथरली. लच्छू मिस्त्रीनं चालत चालत दोनदा कान लावला आणि म्हणाला, "ठीक चालू हाये."

बाबा जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मी आजपर्यंत किती वेळा त्यांना तसं पाहिलं होतं, पण आज मी पोत्याची शिवण मुठीत धरून ठेवली. ते एवढा वेळ उभे राहिले की हमाल एकमेकांकडे पाहायला लागले.

मग बाबा म्हणाले, "बंद करा."

"काऊन?" शेठ म्हणाले.

"मागच्या खांबाचं बेअरिंग. डाव्या अंगाचं. ढिलं हाये."

लच्छू हसला. "मी आत्ता पाह्यलं नं जी."

"तुमी कानानं पाह्यलं," बाबा म्हणाले.

इंजिन बंद झालं. लच्छू स्वतः मागच्या खांबाशी गेला, डाव्या बाजूला वाकला. बेअरिंगच्या बोल्टाला त्यानं पाना लावलाच नाही. दोन बोटांनी धरला तर तो फिरला. दिवसभर तसंच चाललं असतं तर पट्टा सुटून कोणाच्या तरी अंगावर आला असता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. लच्छूनं हात फडक्याला पुसला, बाबांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, हे पाय हायेत का कान हायेत?"

शेठ हसले तेव्हा सगळी मिल हसली. ते म्हणाले, "लच्छू, आलास तं राह्य. दुसरी मशीन बसवाचीच हाये. पण या मशीनले मुखरू." मी थप्पीवरून उडी मारली आणि कोणाच्या बंडीच्या जुवावर जाऊन पडले. गुडघा फुटला. बिलकूल दुखला नाही. म्हणजे दुखला, पण आनंदानं दुखला.

घरी जाताना सोमारी पुढे पळत गेली. कमळा माझ्यासोबत मागे राहिली. शाळेत सगळ्यांना डिवचणारी कमळा त्या दिवशी पायानं खडा लोटत चालली. आमच्या दारापाशी आल्यावर म्हणाली, "वच्छला, माह्या मायचे हात झोपतात वो. सुई धरता येत नाई तिले."

"कवापासून?"

"आषाढातल्या आखाडीपासून." मग खाली पाहून, "आमीबी तीन हाताचाच खातो. बाबा आणते. मिस्त्रीच्या घरी खाते म्हणून."

आमचं पाहून त्यांनी केलं होतं. पोळ्याच्या आधी कोणी मला असं सांगितलं असतं तर मी अभिमानानं फुगले असते.

घरात बाबा आले होते आणि घर त्यांना पुरत नव्हतं. ते चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत चालत होते, पाय आपटत, जमिनीला विचारत असल्यासारखे. माय भात वाढत होती. बाबा म्हणाले, "उद्याच्या बाजारात दवंडी देतो. ढोल लावतो. या मूलमध्ये आजपासून कोणी तीन हाताचा तांदूळ खाणार नाई. मी मशीनवर काढूनच देणार नाई. मिलच्या दारावर लिहून लावतो. अन् आपल्या घरीबी उद्यापासून बाराच्या बारा. आन हाये माही."

मायनं पळी हवेतच धरली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला पोळ्याचं ताट दिसलं.

मी ताटावरून उठले. पूर्वी बाबा बोलत असताना मी मध्ये बोलत नसे. आता तीन महिने रोज सकाळी ढेकीवर उभी राहून माझे पाय चांगले पक्के झाले होते, आणि आवाजही.

"दवंडी नाई, बाबा," मी म्हणाले. "अन् बाराबी नाई. या बाजारी आठ. मी ठरवलं ते सांगतो, दोघंबी ऐका. उद्या शाळेच्या आधी मी कमळाच्या घरी जातो. तिच्या मायच्या गंजात एक मूठ टाकतो, भिजवून. ढेकी कमळा मारन, पन्नास, इतवारीबाई मोजन. डॉक्टरची गाडी आली की तिच्या मायले मी स्वतः घेऊन जातो. यंदा तेवढं एकच घर. ते नीट झालं की दुसरं. अन् काकाले पत्र मीच लिहितो, माह्या अक्षरात, की आमी गावाले येत नाई, कारण वच्छला इथीच नववीत बसणार हाये."